वाचकांचे प्रश्न : संगीतात संशोधन करायचंय, पण प्रश्न कोणता?

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की चाळिशी उलटल्यावर मी इथे ऑस्ट्रेलियात, एका विद्यापीठाच्या कॉन्झर्वेटोरियममध्ये पेटीच्या साथीवर पीएचडी केली. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. बहुतेक पत्रं इथल्याच मराठी घरांतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न (सिडनी) : ताई, मी २४ वर्षांची आहे. इथेच कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली, आता नोकरी करते. गाणं सातव्या वर्षापासून शिकतेय, विशारद झालेय. मला गाण्यातच पीएचडी करायची आहे. थेट प्रवेश मिळेल का? आणि कॉन्झर्वेटोरियम म्हणजे नेमकं काय? साध्या संगीत विभागापेक्षा ते वेगळं कसं?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. तू सिडनीतच आहेस, तर एकदा बोटॅनिक गार्डनला लागून असलेली कॉन्झर्वेटोरियमची इमारत बघून ये. बाहेरून थेट किल्ला वाटतो. मुळात ती गव्हर्नर मॅक्वारीच्या काळात फ्रान्सिस ग्रीनवे या वास्तुरचनाकारानं उभारलेली घोड्यांची पागा. १९१५ साली तिथे कॉन्झर्वेटोरियम सुरू झालं, आणि ते गाणं-वाजवणं शिकवण्यासाठी. विद्यापीठाशी त्याचं लग्न लागलं ते थेट १९९० मध्ये. ब्रिस्बेनचं क्वीन्सलंड कॉन्झर्वेटोरियम त्यानंतर वर्षभरानं ग्रिफिथ विद्यापीठात गेलं. मेलबर्न आणि ॲडलेडची कॉन्झर्वेटोरियम मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठाच्याच अंगणात जन्मली.

हा इतिहास सांगते, कारण त्याचा परिणाम आजही रोज जाणवतो. एकाच बोळात एका दाराआड कुणी सकाळपासून एकच पलटा घोटत असतं आणि शेजारच्या खोलीत कुणी शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रव्यवहारावर डोकं धरून बसलेलं असतं. दुपारी दोघं एकाच चर्चासत्राला येतात. मला या जागेचं सगळ्यात मोठं देणं वाटतं ते हेच. इथे तुझं लिखाण वाचतील, आणि तुझं गाणंही ऐकायला मागतील.

आता प्रवेश. इथल्या पदव्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : साधी पदवी सातवी, ऑनर्स किंवा ग्रॅज्युएट डिप्लोमा आठवी, मास्टर्स नववी, डॉक्टरेट दहावी. पीएचडीला घेताना ते विचारतात, या बाईनं याआधी स्वतःच्या हिमतीवर एखादं संशोधन पुरं केलंय का? म्हणजे प्रबंधिका असलेलं ऑनर्सचं वर्ष, तेही वरच्या वर्गात, किंवा संशोधनाचा भाग असलेलं मास्टर्स. तुझ्याकडे यातलं काही नाही, शिवाय पदवी संगीतातली नाही. तेव्हा सातवीवरून दहावीवर उडी मारू नकोस. आधी संगीतातलं मास्टर्स कर, आणि त्यातही प्रबंध लिहायला लावणारं. काम जमलं तर संशोधन मास्टर्स चालू असतानाच ते पीएचडीत बदलून घेण्याची सोय अनेक ठिकाणी असते.

विशारदबद्दल. नुसतं प्रमाणपत्र जोडलंस तर त्या कार्यालयातल्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. सोबत एक पान जोड : किती वर्षांचा अभ्यासक्रम, किती राग, परीक्षा कशी होते, परीक्षक समोर बसून काय म्हणायला लावतात. आणि गाण्याची ध्वनिफीत दे. एकच राग, वीस मिनिटं, शक्यतो एका दमात रेकॉर्ड केलेला. तुकडे जोडलेली फीत जाणत्या कानाला लगेच कळते.

नोकरी सोडू नकोस. तू नागरिक किंवा कायम रहिवासी असशील तर अर्धवेळ शिकता येतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मात्र पूर्णवेळच शिकावं लागतं.

प्रश्न (मेलबर्न) : मी तबलजी आहे, वय ३८. पंधरा वर्षं साथ करतोय, शिकवतोय. माझी विद्या हातात आहे, लिहिण्याची मला धास्ती वाटते. इथे म्हणे नुसतं वाजवूनही पीएचडी मिळते. खरं आहे का?

उत्तर : वाजवून मिळते, नुसतं वाजवून मिळत नाही.

इथे दोन वाटा आहेत. एक सरळ लेखी प्रबंधाची, साधारण ऐंशी हजार शब्दांच्या आसपासची. दुसरी तुमच्यासारख्यांची : मैफली, ध्वनिमुद्रणं किंवा रचना हाच कामाचा मोठा भाग, आणि त्याला जोडून एक विवेचन, त्याला एक्सेजेसिस म्हणतात. ते प्रबंधापेक्षा बरंच आटोपशीर असतं. सिडनीत डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स अशी वादन-गायनाला केंद्रस्थानी ठेवणारी वेगळी डॉक्टरेटही आहे. पण कुठल्याही वाटेनं गेलात तरी परीक्षक एकच गोष्ट शोधतात. तुम्ही किती चांगलं वाजवता याला दाद मिळेल, पण पदवी मिळते ती त्या वाजवण्यातून आधी कुणाला माहीत नसलेलं काय कळलं, यासाठी.

मला हे कळायला पहिलं वर्ष अख्खं गेलं. तेव्हा मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुमचं वर्ष वाचेल. मी पेटीचा इतिहास लिहीत बसले. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानं १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लिहिलं, १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, १९७१ मध्ये ते काहीसं किलकिलं झालं, मधल्या काळात गायकांनी सारंगीवर कसं भागवलं... साठ पानं झाली. सुपरवायझर बाईंनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस? तुझी पेटी कुठे आहे?" साठातली सहा पानं शेवटी प्रबंधात राहिली.

माझा प्रश्न त्या आधीच एका मैफलीत माझ्यासमोर येऊन बसला होता, मी त्याला प्रश्न म्हणून ओळखलं नव्हतं एवढंच. गायिकेचा षड्ज काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. यमन चालला होता. ती गंधारावर स्थिरावली, आणि माझंही बोट सवयीनं गंधाराच्या पट्टीवर होतं. तिच्या आणि माझ्या सुरांच्या मध्ये एक बारीक थरथर ऐकू यायला लागली. सेकंदाला सव्वादोन-अडीच हेलकावे, इतकीच. मी गंधार सोडला आणि नुसता षड्ज-पंचम धरून राहिले. तिचा आवाज तत्क्षणी मोकळा झाला. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, पण पुढचा आलाप लांबला.

का झालं हे? पेटीचे सूर सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेले असतात. त्यातल्या एका भागाचे शंभर सेंट धरतात. त्या हिशेबात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. गळा तानपुऱ्याशी जुळवून घेतो तो गंधार ३८६ सेंटच्या आसपास असतो. चौदा सेंटचा फरक. काळी पाचच्या षड्जाला पेटीचा गंधार येतो सुमारे २९३.७ हर्ट्झवर आणि गळ्याचा सुमारे २९१.३ वर. वजाबाकी केली की तीच थरथर हातात येते. काही जण एकाच षड्जाला धरून पेटी वेगळी लावून घेतात आणि ही अडचण मिटवतात, पण मग ती पेटी त्या एकाच पट्टीची होते.

हे भौतिकशास्त्र जुनं आहे, त्यात माझं काही नाही. माझा प्रश्न वेगळा होता : साथ करताना पेटीवाला काय वाजवत नाही, आणि ते तो कधी ठरवतो? माझ्या गुरूंनी मला हे कधीच शब्दांत सांगितलं नव्हतं. त्यांच्या बोटांकडे बघून माझ्या बोटांनी ते उचललं होतं. तुम्ही विद्या हातात आहे म्हणता ना, ती हीच. आणि ती हातातून बाहेर काढून दुसऱ्याला दाखवण्यासारखी करणं हेच संशोधन.

मग मैफली ठरल्या. तीच गायिका, तोच यमन, तीन बैठका. पहिलीत मी प्रत्येक जागा भरली. दुसरीत गंधार-निषादांवर हात उचलला. तिसरीत काय करायचं ते तिनं गाता गाता खुणेनं सांगितलं. दोघींचे माईक वेगळे, म्हणजे नंतर तिचा सूर कधी सुरू होतो आणि माझा कधी, हे सोनिक व्हिज्युअलायझर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहता आलं. स्वतःची साथ अशी रेघांमध्ये पाहिली तेव्हा मी हादरले. मला वाटत होतं त्याहून कितीतरी ठिकाणी मी सूर सोडत होते, आणि त्यातल्या अर्ध्याअधिक जागांची मला शुद्धही नव्हती.

तेव्हा तुम्ही आजपासून एक करा. प्रत्येक मैफलीनंतर, तबल्याला गवसणी घालण्याआधी, फोनवर तीन मिनिटं मराठीत बोला. आज कुठे हात अडला, ठेका कुठे धरून ठेवला, गायकाकडे कुठे पाहावं लागलं आणि कुठे न पाहताच कळलं. दहा मैफलींनंतर सगळं ऐका. एकच तक्रार किंवा एकच नवल पुन्हा पुन्हा येत असेल, तर तुमचा विषय तिथे आहे. लिहिण्याची धास्ती त्याच टिपणांनी जाते. मी विवेचनातल्या दोन प्रकरणांचे कच्चे खर्डे असेच आधी बोलले आणि मग कागदावर उतरवले. शागिर्दाला समजावताना तुम्ही जे बोलता त्यात वाक्यं असतातच, ती फक्त टिपायची असतात.

प्रश्न (ब्रिस्बेन) : मी ऑर्गन वाजवतो, नाट्यसंगीतात लहानपण गेलं. चौदा प्राध्यापकांना ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. पत्राची प्रत सोबत जोडतोय. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन परिच्छेद पारितोषिकांचे आहेत आणि शेवटी एक ओळ : मला भारतीय संगीत आणि त्याचा प्रभाव यावर संशोधन करायचं आहे. चौदा जणांना तेच पत्र. पारितोषिकं खरी आहेत, तुमची तयारीही दिसते. पण वाचणाऱ्याला एकच ठरवायचं असतं : हे काम मी पुढची तीन-चार वर्षं सांभाळू शकेन का? त्या एका ओळीवरून ते ठरवता येत नाही, म्हणून उत्तर येत नाही.

तुमचा विषय तुमच्या पत्राच्या पहिल्या वाक्यातच दडलाय आणि तो मला फार आवडला. ऑर्गनला पायानं भाता द्यायचा असतो, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. पेटीला एक हात भात्यात अडकतो. संगीत नाटकातली साथ ऑर्गनवर घडली, पुढे बऱ्याच ठिकाणी ती पेटीवर आली. मग डाव्या हाताचं काय झालं? तो हात जे भरत होता ते कुठे गेलं, उजव्या हातानं उचललं की गायकाच्या गळ्यानं, की सुटूनच गेलं? तुम्ही दोन्ही वाद्यं वाजवता. हा प्रश्न तुम्ही वाजवून तपासू शकता. या वर्णनानं सुरू होणारं पत्र आलं तर मी स्वतः जागची उठून उत्तर लिहीन.

तेव्हा पत्र नव्यानं लिहा. पहिल्या चार ओळींत हाच प्रश्न, वाद्य न पाहिलेल्या माणसाला कळेल असा. मग तुमच्या हाताशी काय आहे ते सांगा : कुठल्या ध्वनिमुद्रिका, कोण जुने वादक ज्यांच्यापर्यंत तुम्ही पोचू शकता, तुम्ही स्वतः काय वाजवून दाखवाल. मग त्याच व्यक्तीला का लिहिताय ते, त्यांचं एखादं काम खरोखर वाचून. ऑस्ट्रेलियातले बरेच प्रबंध विद्यापीठांच्या संग्रहात खुले असतात, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्हवर शोधले की सापडतात. ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध तरी चाळा. त्यांना भारतीय संगीत येत असलंच पाहिजे असं नाही. माझ्या मुख्य सुपरवायझर बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय साथसंगतीच्या अभ्यासक होत्या. तिथे आकडे लिहिलेल्या बेसवरून, म्हणजे खालच्या सुरांच्या ओळीवरून, साथीदार ऐन वेळी सूर भरतो, त्यामुळे काय भरायचं आणि काय मोकळं ठेवायचं याची त्यांना जन्माची जाण होती. यमन त्यांना मी समजावला.

पारितोषिकं शेवटी, दोन ओळींत. वादनाचा एक दुवा, आणि कुठल्या मिनिटाला काय ऐकायचं ते लिहा. अख्खं पत्र एका पडद्यावर मावलं पाहिजे. तीन आठवडे वाट पाहा, एकदा आठवण करा. एकाच विभागात दोघांना एकाच वेळी लिहू नका, ती माणसं एकाच टेबलावर कॉफी पितात.

प्रश्न (बऱ्याच ठिकाणांहून) : खर्च किती येतो? घर चालवून हे झेपतं का?

उत्तर : थोडक्यात सांगते. संशोधन पदवी आणि वर्गात शिकवली जाणारी पदवी यांचा हिशेब इथे पूर्ण वेगळा आहे. ऑस्ट्रेलियाचे नागरिक, कायम रहिवासी आणि न्यूझीलंडचे नागरिक यांची संशोधन पदवीची फी सरकारच्या रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅममधून भागते, डॉक्टरेटला चार वर्षांपर्यंत आणि संशोधन मास्टर्सला दोन वर्षांपर्यंत. वर्गात शिकायच्या मास्टर्सला मात्र फी भरावी लागते. त्यासाठीचं सरकारी कर्ज नागरिकांना मिळतं, कायम रहिवाशांना बहुधा मिळत नाही. हे न कळल्यानं काहींचं गणित पहिल्याच सत्रात कोसळलेलं मी पाहिलंय. परदेशातून येणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पूर्ण फी पडते, ती मोठी असते.

निर्वाहभत्ता वेगळा, आणि तो चुरशीनं मिळतो. २०२४ मध्ये त्याचा किमान दर वर्षाला ३२,१९२ डॉलर होता, काही विद्यापीठं त्याहून जास्त देतात. पूर्णवेळ शिकणाऱ्याला त्यावर कर नाही. सिडनी-मेलबर्नच्या भाड्यापुढे ही रक्कम किती पुरते हे तुम्हाला मी सांगायला नको. मला भत्ता मिळाला तो दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी मी आठवड्याला अकरा शिकवण्या घेत होते आणि संशोधनाची वेळ पहाटे पाच ते साडेसात. तरीही सांगते, ज्यांच्या घरात दुसरा पगार नाही त्यांनी भत्त्याचं पत्र हातात आल्याशिवाय नोकरी सोडू नये.

प्रश्न (पर्थ) : माझा मुलगा ट्रम्पेट वाजवतो, ऑनर्स झालं. आता म्हणतो, संशोधन करणार. पुढे पोटापाण्याचं काय? आई म्हणून विचारतेय.

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि मी तिला गोड मुलामा देणार नाही. विद्यापीठात कायमची नोकरी फार थोड्यांना मिळते. बाकीचे वाद्यवृंदांच्या शिक्षण विभागात, संग्रहालयांत, ध्वनिसंग्रहांत, महोत्सवांच्या कामात जातात, किंवा वाजवणं आणि शिकवणं सांधत राहतात. एक गोष्ट आधीच स्पष्ट असू दे : पीएचडी झाली म्हणून शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी अध्यापनाची वेगळी पदवी आणि राज्याकडची नोंदणी लागते. त्याला शाळेत शिकवायचं असेल तर ते आधी उरकू दे. संशोधन थांबतं, पळून जात नाही.

तुम्ही त्याला एकच विचारा, "तुला कशाचं उत्तर हवंय?" तो जेवता जेवता वीस मिनिटं बोलला, तर जाऊ द्या त्याला.

प्रश्न (सिडनी) : प्रबंधानंतर तोंडी परीक्षा असते का? घाम फुटतो नुसत्या कल्पनेनं.

उत्तर : इथली जुनी रीत अशी, की प्रबंध आणि ध्वनिमुद्रणं बाहेरच्या परीक्षकांकडे जातात आणि त्यांचे लेखी अहवाल येतात. काही विद्यापीठांनी आता तोंडी परीक्षाही सुरू केली आहे, तुमच्या विद्यापीठाचा नियम पाहा. खरी धाकधूक त्याच्या कितीतरी आधी असते, पहिल्या वर्षाच्या शेवटी. तेव्हा तुमचं काम पीएचडी म्हणून पुढे न्यायचं की नाही हे एक समिती ठरवते. तिथे प्रश्न अवघड येतात, कारण समितीला ते काम तरावं असंच वाटत असतं. माझ्या वेळी अर्धा तास फक्त एका शब्दावर गेला : "साथ". याला इंग्रजीत काय म्हणणार? सोबत करणं, आधार देणं, मागे मागे जाणं, यातलं काय? शेवटी तो शब्द तसाच ठेवायचा ठरलं, आणि त्यावर एक प्रकरण झालं.

प्रश्न (ॲडलेड) : ताई, मला प्रवेश मिळाला! गुरुजींच्या पिढीतल्या सत्तरी ओलांडलेल्या गायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. पण विद्यापीठ म्हणतं, आधी एथिक्सच्या, म्हणजे संशोधनातली नीती पाहणाऱ्या समितीची मंजुरी घ्या आणि प्रत्येकाकडून संमतीपत्रावर सही. ज्यांच्या पायावर डोकं ठेवायचं त्यांच्यासमोर छापील फॉर्म कसा ठेवू? हात धजत नाही.

उत्तर : मनापासून अभिनंदन! आणि हात धजत नाही हे तू लिहिलंस, याचं मला बरं वाटलं. ज्याचा धजतो त्याच्यासाठीच खरं तर ती समिती असते.

या देशात या गोष्टीला इतकं वजन का आहे, ते आधी समजून घे. इथल्या आदिवासी समूहांची गाणी वर्षानुवर्षं बाहेरच्या लोकांनी ध्वनिमुद्रित करून नेली. त्यातली काही फक्त पुरुषांनी ऐकायची होती, काही फक्त स्त्रियांनी, काही एखाद्या विधीपुरतीच. गाणाऱ्यांना अनेकदा पुढे काय होणार हे कुणी सांगितलंही नव्हतं. आज त्या समूहांबरोबर काम करायचं तर त्यासाठी वेगळी आचारसंहिता आहे. सिडनी, मेलबर्न आणि कॅनबेराच्या विद्यापीठांनी २००३ मध्ये मिळून सुरू केलेला पॅराडिसेक हा ध्वनिसंग्रह आहे. प्रशांत महासागर आणि आसपासच्या प्रदेशांतल्या जुन्या टेप वाचवायच्या आणि ज्यांच्या आहेत त्यांच्यापर्यंत परत पोचवायच्या, हे त्याचं काम. त्याच्याबद्दल वाच. आपल्या बंदिशींबद्दल विचार करायला मला तिथून फार मदत झाली. घराण्यात राखून ठेवलेली चीज म्हणजे काय, हे आपण त्यांना सांगू शकतो आणि तेही आपल्याला.

आता फॉर्म. राष्ट्रीय नियमावलीत संमती लेखीच हवी असं नाही, तोंडीही चालते. तू अर्जात कारण देऊन तसं मागू शकतोस : वय, दृष्टी, गुरू-शिष्याचं नातं. समिती नक्की विचारेल, की नात्यातली माणसं नकार देऊ शकतील का? मला हा प्रश्न आला तेव्हा आधी राग आला होता. मग लक्षात आलं, की शिष्या विचारतेय म्हणून त्यांना "नाही" म्हणणं खरंच जड जाईल. मी तेव्हा पहिली विचारणा माझ्या गुरुभगिनीकडून करवली, म्हणजे नकार माझ्या तोंडावर द्यायला लागू नये.

दुसरं, छापील नमुन्यात नाव गुप्त ठेवू असं असतं. आपल्या गायकांना ते अपमानासारखं वाटेल. ज्यानं आयुष्य गाण्याला दिलं त्याला "गायक क्रमांक ४" करायचं? दोन चौकटी ठेव, नाव द्यावं आणि नाव देऊ नये, आणि निवड त्यांची. माझ्याकडे एक सोडून सगळ्यांनी नाव द्यायला सांगितलं.

मी ज्या बाईंकडे सर्वांत आधी गेले त्या ८१ वर्षांच्या होत्या. मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवलाच नाही. चहा झाल्यावर तो मराठीत वाचून दाखवला, सावकाश, एकेक कलम. मराठी तूच कर, यंत्राकडून करून घेऊ नकोस. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "सहभागी व्यक्ती केव्हाही माघार घेऊ शकते" इथे त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे मी गायले आणि मग म्हटलं पुसून टाक, तर तू पुसशील?" मी हो म्हटलं. त्या हसल्या आणि गायला लागल्या.

तासाभरानं झुमरा तालातली एक बंदिश त्यांनी म्हटली, अंतऱ्यापर्यंत गेल्या, आणि थांबल्या. गुरूंनी ती कुणाला न देण्याच्या बोलीवर दिली होती, ओघात निघाली. "ही पूस." मी रेकॉर्डर त्यांच्या हातात दिला, कुठली फीत ते दाखवलं, आणि बटण त्यांनी स्वतः दाबलं. माझ्या संशोधनातली ती सगळ्यात मोलाची सात मिनिटं होती आणि ती माझ्याकडे नाहीत. त्यानंतर त्यांनी मागून घेतलेली गोष्ट मात्र अशी, की पुढच्या खेपेला येताना पेटी घेऊन ये, मी गाते, तू कुठे हात उचलतेस ते मला ऐकायचंय. पुढे चार बैठका झाल्या.

सही त्यांनी केली, झोकात, मोडीचं वळण असलेली. फॉर्मच्या दोन प्रती असतात, एक त्यांच्याकडे ठेवायची. त्यावर समितीचा फोन नंबर असतो, तुझ्याबद्दल तक्रार करायची झाली तर. तोही मी वाचून दाखवला. त्यांनी ती प्रत चार घड्या करून तानपुऱ्याच्या गवसणीच्या खिशात ठेवली, तारांच्या पुडीशेजारी. तूही दुसरी प्रत न्यायला विसरू नकोस, आणि अक्षर मोठं छापून घे.